ब घरातली मोटर

आमच्या गल्लीत नळाला पाणी साडेपाचला येतं आणि पावणेसातला जातं. एकूण पंचाहत्तर मिनिटं. दोन वर्षांपूर्वी शेजाऱ्यांनी नळाच्या पाइपालाच टुल्लू बसवला, म्हणजे पाणी ओढून घेणारी छोटी मोटर. ती सुरू झाली की आमची धार करंगळीएवढी व्हायची आणि थोड्या वेळात तीही थांबायची.

मी टाकीतल्या पाण्यावर भागवलं असतं. आईचं भागत नव्हतं. ती एक्याऐंशीची. देवाचं पाणी सोवळ्यात, वाहत्या नळाखाली कळशी धरूनच भरायचं, साठवलेलं चालत नाही, हा तिच्या सासूकडून आलेला नियम. झाशीत पाण्याची टंचाई असताना हा नियम पाळणं कठीण आहे, पण ऐंशी पार केलेल्या बाईला ते सांगायला जाऊ नये.

भांडण वाढलं तेव्हा मोहल्ल्यातल्या चार वडीलधाऱ्यांनी आम्हाला समोरासमोर बसवलं. सव्वासहापर्यंत मोटर लावायची नाही, असं ठरलं. इकडच्या रीतीप्रमाणे आम्ही एकमेकांना बताशा भरवला. मी कागदावर लिहून घेऊ म्हणालो, तर शेजारी म्हणाले, "भैयाजी, बताशा खा लिया, अब कागज का क्या अचार डालोगे? मराठी लोग घड़ी लेके पैदा होते हैं क्या?" सगळे हसले. मीही हसलो, आणि कागद राहून गेला.

नऊ दिवस शब्द पाळला गेला. दहाव्या दिवशी पाच चाळीसलाच मोटर घुरघुरली. मी अंघोळीला गेलो होतो. आई मला न सांगता कळशी घेऊन कोपऱ्यावरच्या हातपंपावर गेली आणि परतताना घसरली. उजवं मनगट मोडलं. मी जाब विचारायला गेलो तेव्हा शेजारी दारातूनच म्हणाले, "हमारी मोटर तो बंद थी. अम्माजी को इस उमर में निकलने ही क्यों दिया?"

त्यानंतर मला पाण्याचं काही राहिलं नाही. ज्या चौघांसमोर बताशा खाल्ला, त्यांच्यासमोर या माणसाच्या तोंडून 'मोटर चालू होती' एवढे तीन शब्द मला हवे होते. मी रोजची वेळ वहीत लिहू लागलो. वडीलधाऱ्यांना वही दाखवली. ते म्हणाले, "आपका लिखा आपका है, भैयाजी."

त्याच सुमारास एक संशोधक मुलगी आली. महाराष्ट्रातली, पीएचडी करणारी. कोर्टात न जाता मोहल्ल्यात मिटलेले वाद पुढे खरंच मिटलेले राहतात का, हा तिचा विषय. आधी झाशीजवळच्या मोठ गावातल्या बाजारात दुकानदारांवर काम करून ती आमच्याकडे आली होती. वडीलधाऱ्यांनी आमचं प्रकरण तिला मिटलेलं म्हणून सांगितलं. मी वही पुढे केली.

"काका, ही एका बाजूची नोंद झाली," ती म्हणाली. "मी दोन्ही घरांना सारखी डायरी देणार आहे. रोज काय केलं आणि किती वाजता, एवढंच लिहायचं. कुणाचं नाव येणार नाही. तुम्ही अ घर, ते ब घर."

शेजाऱ्यांनी डायरी सुनेकडे टाकली. समझौता झाला तेव्हा सून गुरसरायला माहेरी होती. सव्वासहाची अट तिला कुणी सांगितलीच नव्हती, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. ती फाटकातून डायरी दाखवत म्हणाली, "चाचाजी, मोटर का टाइम पानी वाले खाने में लिखें कि काम वाले में?"

मी तिला थांबवू शकलो असतो. "आधी सासऱ्यांना विचार," असं म्हणणं सभ्यपणाचं झालं असतं.

"पानी वाले में, बेटा," मी म्हणालो. "मिनट तक सही लिखना."

तिने लिहिलं. तीस दिवस, टापटिपीने.

प्रबंध लिहायला घेण्यापूर्वी आपलं काम लोकांना ऐकवायचं, अशी त्या मुलीची पद्धत. मंदिरामागच्या खोलीत वीसेक माणसं जमली. चौघे वडीलधारे पुढे, शेजारी त्यांच्या बाजूला पाय पसरून. तिने अ घर, ब घर असं वाचलं. वाद मिटला म्हणतात, पण नोंदी वेगळं सांगतात, एवढंच म्हणून ती पुढे निघाली होती. मी हात वर केला. "ब घरातली मोटर किती वाजता सुरू होते, तेवढं वाचा."

ती बाहेरची. सगळी गल्ली आपापली घरं ओळखून बसली आहे, हे तिच्या लक्षात आलं नाही. तिने वाचलं. पाच एकेचाळीस. पाच अडतीस. पाच चव्वेचाळीस. सातव्या आकड्याला सगळ्यात वयस्क गृहस्थ शेजाऱ्यांकडे वळले. "काए, जो तुमाओ घर आय का?"

"बहू को क्या पता, कुछ भी लिख देती है."

"मोटर चलती थी कि नहीं?" मी विचारलं.

शेजाऱ्यांनी पसरलेले पाय जवळ घेतले. कुणीही त्यांच्या मदतीला आलं नाही. मी ते मन लावून पाहिलं, आणि घाई केली नाही.

"चलती थी," ते शेवटी म्हणाले.

त्याच आठवड्यात सुनेला गुरसरायला पाठवलं गेलं. दीड महिना झाला, ती परतलेली नाही. संशोधक मुलगी माझ्याकडे आली ती लाल डोळ्यांनी. "काका, तुम्हाला माहीत होतं ना, तिला अट माहीत नाही ते?"

"हो."

"मी तिला सांगितलं होतं, यातून कुणाला त्रास होणार नाही."

"तुम्ही सांगितलं होतं. मी नाही."

तुमच्या गल्लीचं प्रकरण प्रबंधातून काढून टाकते, असं ती म्हणाली. सुनेचं मला वाईट वाटतं, हे लपवत नाही. पण आईचा हात अजून कळशी पेलत नाही. मी त्या मुलीला म्हटलं, "खुशाल काढा. ज्या चौघांनी ऐकायला हवं होतं, त्यांनी ऐकलं."