लिंपलेली भेग

ग्यानोबा दाजींवर माझा राग आहे आणि तो मी लपवत नाही. भूकंपाआधी वर्षभर किल्लारीकडं जमीन अधूनमधून हादरायची. आमच्या अक्काच्या घराच्या भिंतीला भेग पडली. दाजी स्वतः गवंडी. त्यांनी ती चिखलानं लिंपली, "काय होत न्हाई" म्हणाले आणि कामावर उदगीरला निघून गेले. भूकंपात तीच भिंत अक्कावर पडली. लेक विशाखा बळदात, म्हणजे धान्याच्या कोठीत, अडकली म्हणून वाचली. तिला मी लातूरला आणून वाढवली.

क्लासवाल्या शेषेराव सरांनी तिला पहिल्याच महिन्यात बाहेर काढलं. त्यांचा निकाल खराब होईल म्हणे. पोरगी घरी अभ्यास करून इंजिनियर झाली आणि चेन्नईकडच्या एका कारखान्यात लागली. तिथं खोल समुद्राच्या तळाशी जाणारं यान बनत होतं. आधीची यानं नुसती कॅमेरे घेऊन जायची, आता जाड धातूच्या गोळ्यात माणसं बसणार होती. वरच्या पाण्याचा दाब एवढा, की गोळा जरा कच्चा निघाला तर आतले संपले. त्याचे जोड तपासायचं काम विशाखाचं.

हे कळताच शेषेरावांनी चौकात फलक लावला: 'आमची विद्यार्थिनी समुद्राच्या तळाशी'. गोळा अजून पाण्यात उतरला नव्हता, तरी इकडं सत्कार उरकला. मंचावर फेटा बांधून कोण, तर दाजी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

पुढं चाचणीत एका जोडावर केसाएवढी भेग दिसली. तिचे साहेब म्हणाले, वरून घासून घे, तारीख जाहीर झालीय. तिनं सही केली नाही. मोहीम लांबली आणि विशाखाला त्या कामावरून हटवलं.

इकडं फलक उतरला, लोक हसायला लागले. दाजी तणतणत माझ्या घरी आले आणि माझ्या फोनवरून तिला बोलायला लागले.

"चारचौघांत माझं नाक कापलंस. येवढ्याशा भेगंपायी सही केली न्हाईस?"

फोनचा आवाज मोठा होता, मला सगळं ऐकू येत होतं.

"बाबा, आईला बाहेर काढली तवा म्या बघितलंय," विशाखा म्हणाली. "तुमी लिंपलेला चिखल तिच्या तोंडात हुता."

दाजी उंबऱ्यावरच खाली बसले. मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही.