तारप्याकडे पाठ

कुणी जीव ओतून वाजवत असताना तुम्ही त्याच्याकडे पाठ फिरवली आहे का?

मी ती फिरवलेली पाहिली. शेणवे गावाच्या पुढे एका रिसॉर्टच्या हिरवळीवर, उतरत्या उन्हात. मुंबईहून हाऊस म्युझिक वाजवणारा डीजे आला होता. त्याला आपल्या कार्यक्रमात तारपा, आमचं फुंकून वाजवायचं वाद्य, हवा होता, आणि आमच्या पाड्यावर तारपा वाजवणारा आता माझा काका एकटाच उरलाय. पूर्वी भात घरात आलं की सगळा पाडा त्याच्याभोवती नाचायचा. हल्ली पोरं भाड्याचे स्पीकर आणतात. काका म्हणाला, "जाऊ रे. आयकायला माणसं तरी असतील."

मी सोबत गेलो तो भांडायच्या तयारीने. आमचं घर चळवळीतलं, पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. डोंगर विकणाऱ्यांविरुद्धच्या घोषणा मला पाढ्यांसारख्या येतात. पण ते संगीत वाईट नव्हतं. न थकणारा एकच ठोका आणि त्यावर हळूहळू चढत जाणारे आवाज. तारप्याचाही नाच असाच, तीच चाल अंगात भिनेपर्यंत फिरत राहते. माझा पाय हलायला लागला. वाटलं, जमेल हे.

काका उभा राहिला. त्या लांबलचक वाद्याच्या भोपळ्यात त्याने गाल फुगवून फुंक भरली. डीजेने खुशीत मान डोलावली, लोकांनी शिट्ट्या मारल्या. आणि मग जवळजवळ सगळ्यांनी एकदम त्याच्याकडे पाठ केली, हात लांब करून फोन वर धरले. फोटोत आपल्या मागे तो यायला हवा होता.

आमच्यात नाचताना तारप्याकडे पाठ करत नाहीत. पाठ केली की नाच मोडला. काकाला वाटलं, आपलंच काही चुकलं. त्याने तारपा तोंडापासून खाली घेतला.

तारपा वाजतच राहिला. डीजेने त्याचे सुरुवातीचे सूर मशीनमध्ये धरून गोल फिरत ठेवले होते. काका थांबल्याचं कुणालाच कळलं नाही.

काकाने मला जवळ बोलावून विचारलं, "माझाच हाय ना रे तो आवाज?"

"तुझाच, काका."

"मग मी कशाला पायजे?"



यंदा भात घरात आलं. पोरांनी मोबाईलवर आलेला काकाच्या तारप्याचा तोच तुकडा स्पीकरला लावला आणि ती काकाच्या ओटीसमोर नाचली. काका बसून बघत होता. तारपा आढ्यालाच टांगलेला राहिला. मी पत्रक लिहायला बसलो, पण निषेध कुणाचा करायचा तेच सुचेना. डीजेचा? आम्ही निघताना तो तर काकाच्या पाया पडला होता.

म्हणून हे तुम्हाला लिहितोय. तुमच्या गावात कुणी वाजवणारा उरला असेल तर त्याच्या दारात जा. त्याला वाजवायला सांगा. फोन घरी ठेवा, आणि तो स्वतःहून थांबेपर्यंत तोंड त्याच्याकडे ठेवा.