अंबाडीचा पंचनामा

"या महिन्यात कुठे?" म्हणून विचारणाऱ्या सगळ्यांना आधीच सांगून टाकते: शहापूर आणि मुरबाड. धबधबा नाही, किल्ला नाही, फोटोही चारच आहेत. आणि नेहमीसारखी एकटी गेले नव्हते. सोबत अण्णा होते. अण्णा म्हणजे माझे वडील, वय बाहत्तर, निवृत्त हवालदार, प्रवासात माझ्या पिशवीपेक्षा जड.

वर्षभरापूर्वी अण्णांची किमो संपली. आजार मागे हटला, पण तळपायांची आग मागे राहिली. चादरीचा स्पर्शसुद्धा सोसत नाही. सगळ्या गोळ्या करून झाल्यावर डॉक्टरांनी विजयाचे थेंब लिहून दिले. विजया म्हणजे भांगेचं, गांजाचं तेच झाड. त्याचं हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवर रीतसर मिळतं. मी बाटली आणली, अण्णांनी ती फ्रिजवर ठेवून दिली आणि हात लावायला तयार नाहीत.

योगायोग असा की आमच्या फॅमिली ग्रुपवर तेव्हा 'गांजा कायदेशीर करावा का' यावरून जुंपली होती. माझा भाऊ 'करा' म्हणणारा, वहिनी 'अजिबात नको' म्हणणारी, आणि अण्णा रोज सकाळी गुड मॉर्निंगच्या गुलाबाखाली तरुण पिढी बरबाद झाल्याचा एक फॉरवर्ड टाकणारे. मला वाटलं, हा तोच हट्ट. मी चिडले. "अण्णा, औषध आहे ते. चिलीम ओढायला नाही सांगितलेलं तुम्हाला."

त्यांनी तळपाय गार फरशीवर टेकवले. मग म्हणाले, "एका माणसाला विचारल्याशिवाय नाही घेणार."

आणि मग पस्तीसहून अधिक वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट त्यांनी मला सांगितली. अमली पदार्थांचा नवा कायदा नुकताच आला होता आणि अण्णांची बदली या बाजूच्या एका ठाण्यात झाली होती. एका कातकरी वाडीत झोपडीमागे गांजा लावलाय, अशी खबर आली. अण्णा गेले. खरंच पुरुषभर उंच झाडं, बोटं पसरल्यासारखी पानं. अण्णांनी स्वतःच्या हातांनी सतरा झाडं उपटली, पंचनामा लिहिला आणि वाळकू मुकणे नावाच्या माणसाला धरून नेलं. तो वाटभर एकच सांगत होता, "साहेब, अंबाडी हाय." धरलेला प्रत्येक जण काही ना काही सांगतोच, म्हणून अण्णांनी ऐकलं नाही. चौथ्या दिवशी कोठडीत भाकरी पोचवणाऱ्या बाईंनी जप्तीच्या पोत्यातलं एक पान सहज तोंडात टाकलं आणि म्हणाल्या, "हवालदार, ही तर आंबट लागते." अण्णा मुंबईच्या चाळीत वाढलेले, अंबाडी त्यांनी फक्त ताटात पाहिलेली.

"सोडताना काय म्हणालात त्याला?" मी विचारलं.

"जा घरी, म्हणालो. तेवढंच."

जायचं असेल तर दिवाळीच्या आत जा, हे तुम्हालाही सांगते. दिवाळी झाली की वाड्यांमधली बरीच घरं वीटभट्टीवर कामाला जातात आणि दारांना कड्या लागतात. आम्ही ऑक्टोबरमधला रविवार धरला. सकाळी लोकलने आसनगावला उतरलो. तिथून शहापूरला शेअर रिक्षा लगेच मिळते. शहापूरला एसटी स्टँडजवळ मिसळ खाल्ली, तिखट आहे, पाव जास्तीचा मागून घ्या. पुढे किन्हवलीकडे जाणारी जीप भरेपर्यंत सुटत नाही, त्यामुळे घाई घरी ठेवून या. स्टँडवरचं बाथरूम वापरून घ्या, पुढे सोय नाही.

सापगावचा पूल ओलांडला आणि दोन्ही बाजूंना पिकलेला भात सुरू झाला. जीपमध्ये एकाच्या मोबाइलवर बातम्यांचं चॅनेल मोठ्यांदा लागलेलं, आणि विषय काय, तर तोच. गांजा कायदेशीर व्हावा का?

ड्रायव्हर म्हणाला, "करून टाका ना एकदाचा. दारू नाय का चालत?"

माझ्या शेजारी मांडीवर टोपली घेतलेली एक मावशी होती. ती म्हणाली, "दारू चालते म्हनूनच सांगते बाबा, नको. माज्या भावाचा पोरगा शेरात कामाला जायचा, तथं त्याला नाद लागला. आता आयशीला पन वळखत नाय."

मोबाइलवाल्याने आवाज कमी केला. मग ड्रायव्हरच हळू म्हणाला, "पन मावशी, बंदी होती तरी त्याला भेटलाच ना?"

"भेटला," मावशी म्हणाली. "त्योच तर इचार करते मी."

एरवी अण्णांनी इथे भाषण ठोकलं असतं. ते पुढच्या सीटवर दोन्ही गुडघे धरून बसले होते.

किन्हवलीच्या पुढे, मुरबाड तालुक्याच्या हद्दीत, एका फाट्यावर उतरलो. वाडीचं नाव मुद्दाम देत नाही. फाट्यापासून शेतांच्या कडेने पंधरा मिनिटं चाल आहे. अण्णांना पंचेचाळीस लागली. मी म्हटलं, फाट्यावरून कोणाची तरी मोटारसायकल बघते. "नको," ते म्हणाले. "त्याला मी चालत नेलं होतं." मी त्यांची काठी झाले.

वाडीच्या तोंडाशी नळ आहे. तिथे एक बाई हंडा भरत होती. तिचं नाव जनी, हे पुढे कळलं. मी वाळकू मुकणेंचं घर विचारलं.

"कंचा वाळकू? दोन हायत आमच्यात." मग तिलाच आठवलं. "म्हातारा ना? गांजावाला वाळकू?"

अण्णा नळाच्या कट्ट्यावर बसलेच.

"गांजावाला का म्हणतात?" मी विचारलं.

"काय ठाव गो. मी नांदायला आले तवापासून गांजावालाच. त्याच्या पोरांना पन तसाच बोलतात."

मी अण्णांकडे पाहिलं नाही. काही वेळा बापाकडे न बघणं हीच त्याला केलेली मदत असते. थोड्या वेळाने त्यांनी हात पुढे केला, मी उठवलं आणि जनी आम्हाला घेऊन गेली.

वाळकू अंगणात बसून मांडीवर दोर वळत होता. हडकुळा, पांढऱ्या केसांचा, चष्म्याची एक काडी सुतळीने बांधलेली. आणि झोपडीमागे, खरं सांगते, मीही क्षणभर फसले, कारण तिथे गांजाच्याच पानांची झाडं रांगेने उभी होती. फुलं मात्र पिवळी, आत गडद लाल. त्याच अंबाडीच्या सालीचा दोर तो वळत होता.

त्याने वर पाहिलं. दोर थांबला. "वळखला," तो म्हणाला. "मिशी गेली तुमची, साहेब."

अण्णांनी हात जोडले. ठाण्यात, कोर्टात, घरात, मी त्यांना माणसापुढे हात जोडताना कधी पाहिलं नव्हतं. "वाळकू, चुकलो मी. अंबाडी होती ती."

"मी तवाच बोललो ना."

"तेव्हा ऐकलं नाही."

वाळकूने दोर बाजूला ठेवला. "चार दिसांचा काय नाय, साहेब. भट्टीवर सा महिने काडतो आमी. पन नाव लागला ना. माज्या पोरीला बघायला आलेली मानसां नाव आयकून उटून गेली. दोनदा." हे तो रागाने बोलला नाही, आणि म्हणूनच ते ऐकवेना.

माझे डोळे भरून आले. अण्णा मात्र एकदम ताठ झाले, आणि इतक्या वर्षांनी मला त्यांच्यात हवालदार दिसला. "कागद दे," मला म्हणाले. "आणि पाच माणसं बोलाव."

माझ्या प्रवासाच्या वहीतलं पान फाडून दिलं. जनी आली, तिची सासू आली, दुसरा वाळकू आला, आणखी दोघे आले. अण्णांनी प्रत्येकाच्या हातात अंबाडीचं एकेक पान दिलं आणि चावायला सांगितलं.

"आमी रोजच खातो, पंच कशाला पायजे?" जनीची सासू म्हणाली.

"कायद्याला लागतो," अण्णा म्हणाले. सगळे जण गंभीर चेहऱ्याने पानं चावू लागले. मीही एक चावलं. चांगलंच आंबट.

मग त्यांनी लिहिलं. आम्ही खाली सही करणारे पंच लिहून देतो की, वाळकू मुकणे यांच्या झोपडीमागील झाडे समक्ष पाहिली, पान चावून पाहिले, चव आंबट आहे, झाडे अंबाडीची आहेत. पूर्वी याच जागी उपटलेली सतरा झाडेही अंबाडीचीच होती. ती गांजाची असल्याचे लिहिणाऱ्या हवालदाराची ती चूक होती.

"तेव्हा वाचून न दाखवताच अंगठा घेतला होता," अण्णा म्हणाले. आता ते उभे राहिले आणि अख्ख्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी तो कागद वाचला. 'चूक होती' इथे आवाज चिरला, तर ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"म्हंजे हा अंबाडीवाला वाळकू," जनी म्हणाली.

"वाळकू बास," वाळकू म्हणाला. पंचांनी आणि अण्णांनी सह्या-अंगठे केले, मी फोटो काढला, आणि कागद घडी घालून त्याने रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये ठेवला.

मग अण्णांनी खिशातून बाटली काढली. ती त्यांनी बरोबर आणली होती हे मलाही माहीत नव्हतं. "ज्या झाडासाठी तुला धरलं, त्याचं हे औषध. घेऊ का मी?"

वाळकूने बाटली उजेडात धरली, हुंगली. "हा शेरात दुकानात भेटतो?"

"हो. चिठ्ठीवर."

तो हसला. खूप वेळ हसला, आणि त्या हसण्यापुढे मला लाज वाटली. मग त्याने अण्णांचा पाय आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि तळव्यावर अंगठा फिरवला. "आग होते?"

"होते."

"मंग घे ना रे. मना काय इचारतोस." 'साहेब' म्हणणं एव्हाना कुठल्या कुठे गेलं होतं.

मला राहवलं नाही. मी विचारलं, गांजा कायदेशीर करावा का? तो म्हणाला, "तुमी शिकलेली मानसां, तुमी ठरवा. पन जो पोलीस धाडाल ना, त्याला आदी झाड वळखाया शिकवा."

जेवायला अंबाडीची भाजी आणि तांदळाची भाकरी होती. आम्ही चहा-साखर नेली होती, तुम्ही कोणाकडे गेलात तर रिकाम्या हाताने जाऊ नका. परतीला जीपने मुरबाड आणि तिथून कल्याणची एसटी. मुरबाडला रेल्वे नाही, त्यामुळे शेवटच्या गाडीची वेळ आधी विचारून ठेवा. अण्णा कल्याणपर्यंत झोपले.

आता पुढे घरी काय झालं, ते. अण्णा थेंब घेतात. चमत्कार झालेला नाही, पण चादर सोसते. ग्रुपवर त्यांनी पंचनाम्याचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं की माझं मत अजून विरोधातच आहे. फॉरवर्ड मात्र बंद झालेत. माझं म्हणाल, तर टोपलीवाल्या मावशीचा भाचा आठवला की मी एका बाजूला जाते आणि वाळकूची मुलगी आठवली की दुसऱ्या.

दिवाळीनंतर जनीचा फोन आला, भट्टीवर निघालो म्हणून. अण्णांनी माझ्या हातून फोन घेतला. "वाळकूला आता काय म्हणतात गं?"

फोन स्पीकरवर होता. जनी म्हणाली, "पोरं वाळकूबाबा बोलतात. मोठी मानसां गांजावालाच बोलतात, बाबा. सवय हाय ना."

 अण्णांनी फोन ठेवला, बाटली घेतली, तीन थेंब मोजून जिभेखाली सोडले.

"भट्टीवरून परत आले की पुन्हा जाऊ," ते म्हणाले. "पुन्हा वाचून दाखवीन."