घोडी, दोन नग

माझे वडील सुतार. पोलादपूरच्या बाजारातून नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर त्यांची पत्र्याची शेड आहे. वर कुडपणच्या पठारावर गेलात तर कितीतरी घरांचे दरवाजे त्यांच्या हातचे दिसतील. त्यांची शाळा चौथीपर्यंत. मी महाडच्या कॉलेजातून पदवीधर झालो, घरातला पहिलाच. त्यामुळे आमच्या घरात कुठलाही कागद आला की तो आधी माझ्या हातात येतो, मग तो रेशनचा असो की विजेच्या मीटरचा.

दोन वर्षांपूर्वी आलेला कागद मात्र वेगळा होता. महाडच्या एका प्रशिक्षण केंद्राला मुलांना सुतारकाम शिकवायला अनुभवी कारागीर हवा होता. शिक्षणाची अट नव्हती. आपल्याकडच्या हत्यारांची आणि सामानाची यादी द्यायची, आणि केंद्राचे निदेशक येऊन ती प्रत्यक्ष पाहणार. यादीत खोटं आढळलं तर अर्ज बाद, असं खाली छापलं होतं.

वडिलांनी तो कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. "म्हंजे मी मास्तर होनार काय रे?" असं म्हणून हसले. पण दुसऱ्या दिवशी पाहतो तर शेडमधली सगळी हत्यारं धार लावून, तेलाचा हात फिरवून ओळीनं मांडलेली. त्यांना हे किती हवं आहे ते मला तेव्हा कळलं.

ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. करवत, रंधा, पटाशी, वाकस, गिरमीट, गुण्या. मग म्हणाले, "घोडी, दोन."

माझं पेन थांबलं. कापायचं किंवा तासायचं लाकूड ज्यावर आडवं ठेवतात ती पायांची लाकडी घोडी. लहानपणापासून पाहिलेली. पण अधिकाऱ्यांच्या हातात जाणाऱ्या कागदावर घोडी कशी लिहायची? मला लाज वाटली, हे आज कबूल करतो. मोबाइलवर शोधलं तर इंग्रजीतही तिला घोडाच म्हणतात असं निघालं. मग माझ्या पदवीला शोभेल असं मीच जुळवलं: 'कार्यशाळा आधार-संरचना, दोन नग.' यादी वाचून दाखवताना तेवढी ओळ भरभर वाचली. वडिलांनी विश्वासानं सही केली.

निदेशक आले त्या दिवशी महाडच्या लाकडाच्या वखारीचे चाचाही टेम्पोतून फळ्या घेऊन आले होते. वडील त्यांच्याकडूनच लाकूड घेतात, त्यांच्या तोंडाला कुणाचा धरबंध नाही. मी कंपनीतून रजा घेऊन थांबलो होतो. निदेशक मोजकं बोलणारे गृहस्थ. त्यांनी आपली पिशवी घोडीवरच्या फळीवर ठेवली आणि एकेक हत्यार हातात घेऊन यादीवर खूण करत गेले. पटाशीची धार नखावर पाहिली आणि मान हलवली. वडिलांचा चेहरा फुलला.

"आणि ही आधार-संरचना कुठाय?"

वडील गोंधळले. "ती नाय माझ्याकडं."

"इथं दोन लिहिल्यात."

"लिवल्या असतील तर चुकलंय साहेब," वडील म्हणाले. "जी वस्तू नाय, ती हाय असं मी सांगनार नाय."

निदेशकांनी पेन खाली ठेवलं. ते अर्जाचा तो खालचा छापील भाग पुन्हा वाचू लागले. वडील खरं बोलले होते आणि माझ्यामुळे खोटे ठरत होते.

"सर, ती ही," मी पुढे झालो आणि घोडीवर हात ठेवला. "त्यांनी बरोबर सांगितलं होतं. शब्द मी बदलला. मला घोडी लिहायला बरं वाटलं नाही."

मग चाचांनी टेम्पोच्या फाळक्यावर हात आपटला. "वा रे वा! मिस्त्री, चिरंजीवाला कॉलेजात घातलंत, त्यानं घोडीची संरचना करून टाकली! उद्या माझ्या टेम्पोला काय म्हणशील रे?"

निदेशकांनाही हसू आवरेना. "आमच्या केंद्रात चार आहेत," ते म्हणाले. "आम्हीसुद्धा घोडीच म्हणतो." मग वाकून नीट पाहत त्यांनी विचारलं, "पण मिस्त्री, आमच्यांना चार पाय. ह्यांना तीनच का?"

वडिलांनी पिशवीसकट फळी खाली उतरवली, एक घोडी खांद्यावर टाकली आणि बाहेर नेऊन दगडगोट्यांच्या उतारावर उभी केली. एका टोकाला फाकवलेले दोन पाय, दुसऱ्याला एक. "हलवा," म्हणाले. निदेशकांनी हलवली, ती डगमगली नाही. "वर पठारावर कुनाचं अंगन सपाट नसतं साहेब. चार पायांची तिथं डुलते, खाली चिपा सारत बसायला लागतं. तीन पायांची कुठंबी टेकते." निदेशक तिच्यावर चक्क बसले. तिथूनच त्यांनी विचारलं की पायांचा कोन कसा काढता, आणि पुढचा अर्धा तास ते दोघं तेवढंच बोलत राहिले. चाचा फळ्या उतरवायचं विसरून ऐकत होते.

जाताना निदेशकांनी अर्ज माझ्यापुढे धरला. मी माझे शब्द खोडले, वर 'घोडी, दोन नग' लिहिलं. खाडाखोडीशेजारी वडिलांनी सही केली, सावकाश, पूर्ण नावाची.

आता ते आठवड्यातून तीन दिवस एस.टी.नं महाडला शिकवायला जातात. नाते, हिरकणीवाडी अशा गावांची मुलं त्यांना सर म्हणतात. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला वर्गातल्या भिंतीसाठी हत्यारांच्या नावांचा तक्ता लिहायला सांगितला. मी पुठ्ठा घेऊन शेडमध्ये बसलो, तर म्हणाले, "आधी उचलून बघ, मग लिव." मी एकेक हत्यार उचललं. घोडीपाशी आलो आणि लक्षात आलं की इतक्या वर्षांत मी ती कधी उचललीच नव्हती. मी हात लावायला गेलो की ते म्हणायचे, जा, अभ्यास कर.

ती चांगलीच जड होती. खांद्यावर नीट बसेना. वडिलांनी येऊन तिचा एकटा पाय माझ्या पुढच्या बाजूला वळवून दिला आणि म्हणाले, "आता चल." शेडभर एक फेरी मारून मी ती खाली ठेवली आणि तक्त्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात तिचं नाव लिहिलं.