दहाव्याची बिअर

शारजाला शेजारच्या खोलीत राहणारे एक काका न्हाणीघरातल्या पिंपात चोरून बिअर करायचे. गाळ खाली बसला की वरची निवळ नळीने काढायची, चमचाभर साखर घालून बाटलीत कोंडायची, मग फेस धरतो.

एकदा पिंप निवळत असतानाच गावी त्यांचे वडील वारले. पासपोर्ट कंपनीच्या ताब्यात. जाता आलं नाही. काकांनी बाटल्या भरल्या. दहाव्याला गच्चीवर भाताच्या पिंडाशेजारी पेला ठेवून बिअर ओतली.

"काका, बिअर?" मी म्हटलं.

"बाबांना आवडायची. फेस नसला की शिव्या घालायचे."

फेस छान आला. कावळा येईना. आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट मी. कावळ्याबिवळ्यावर माझा विश्वास नाही. तरी फेस बसेपर्यंत मी आकाशाकडेच बघत होतो.