मोठ्या पानांच्या वड्या

बिस्किटं घ्या, लाजू नका, विकतची आहेत. माझ्या हातचं काही मी हल्ली पाहुण्यांपुढे ठेवत नाही. हसताय काय? ज्यांनी खाल्लंय त्यांना विचारा. नाहीतर राहू दे, मीच सांगतो. आपली फजिती दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा आपणच सांगितलेली बरी. निदान तिखट-मीठ किती लावायचं ते आपल्या हातात राहतं.

माझी बायको नलू दिवाळीनंतर गेली, हे तुम्हाला ठाऊक आहे. पुण्यानुमोदनाला तुम्ही सगळे होतातच. सगळे होते. आमच्या बिल्डिंगचा वॉचमनसुद्धा हात जोडून उभा होता. नव्हती ती फक्त तिची पोरं.

म्हणजे आमची नव्हेत हो, आम्हाला कुठे मूलबाळ. ही पोरं पुस्तकातली.

नलूचं वय अठ्ठावन्न आणि वेड सोळा वर्षांच्या पोरीचं. 'धुकेवनाची गाथा' म्हणून एक पुस्तक आहे, त्याचे उशीएवढे जाड पाच भाग. त्यात बोलणारी झाडं, उडते साप आणि वनकर नावाची जंगलातली माणसं. मी पस्तीस वर्षं वागळे इस्टेटला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये काढलेला माणूस. मायक्रोमीटरवर जे मोजता येत नाही ते मला खरं वाटत नाही. ती वाचून दाखवायला लागली की मी म्हणायचो, "अगं, भाजी लागेल खाली."

पण फोनवर तिचा एक ग्रुप होता. वीस-बावीस वर्षांची सात-आठ पोरं, सगळी त्या धुकेवनात हरवलेली. कोण कोलशेतचं, कोण कल्याणचं. ती हिला माई म्हणायची. दर मे महिन्यात सगळी एका रविवारी सकाळी येऊरला चालायला जायची. त्या गाथेत वनकर लोक डोक्यावर भलंमोठं पान धरून चालतात म्हणे, सूर्याला दिसू नये म्हणून. मग ही पण पानं धरून चालणार. पानं कोण आणणार? माई. वर चालून झाल्यावर खायला डबाभर अळूवड्या. त्या कोण आणणार? पुन्हा माईच.

त्यासाठी आमच्या डोंबिवलीच्या बाल्कनीत अळूच्या दोन कुंड्या. एकीत मोठी पानं, एकीत छोटी. आता हे लक्षात ठेवा, मी नाही ठेवलं.

तर ती गेली आणि फोन राहिला. मी तो रोज चार्ज करायचो. का, ते विचारू नका. त्यावर पोरांचे मेसेज यायचे. "माई, कुठे गायब?" "माई, तब्येत बरी आहे ना?" मी लिहायला घ्यायचो. 'नलू गेली' एवढे दोनच शब्द लिहायचे होते. अंगठा त्या काचेवर ठेवायचो आणि उचलायचो. जमलंच नाही हो. दुसऱ्या कुणाला सांगताना एवढं जड गेलं नव्हतं. बाकीच्यांसाठी ती गेलेली. या एका ठिकाणी कोणीतरी अजून तिची वाट बघत होतं. ती जागा आपल्या हाताने कशी बंद करायची?

मे उजाडला. मेसेज आला, "माई, या रविवारी येऊर. तुम्ही आणि वड्या, दोन्ही पाहिजेतच." मी ठरवलं, हे असं लिहून सांगण्यासारखं नाही, समोर जाऊन सांगायचं. म्हणून उत्तरात तो एक अंगठा असतो ना, तो टाकला. माझ्या मते त्याचा अर्थ, 'निरोप मिळाला, मी येऊन सांगतो.' त्यांच्या मते अर्थ, 'माई येतायत.' इथूनच गाडी घसरली.

शनिवारी मनात आलं, नुसती ती बातमी घेऊन कसं जायचं? वड्या न्यायच्या. नलू करताना शंभर वेळा बघितलंय. पीठ, गूळ, तिखट, तीळ, पानाला थापायचं, गुंडाळायचं, उकडायचं, कापायचं, तळायचं. त्यात काय एवढं?

बाल्कनीत गेलो. दोन कुंड्या. मी टूलरूमवाल्याच्या डोक्याने विचार केला. वडी करायची म्हणजे पीठ थापायला जागा पाहिजे, मोठं पान घ्या. उरलेली छोटी पानं पोरांना डोक्यावर धरायला. हिशोब चोख. चिंच संपलेली. म्हटलं, चिंच काय, चवीपुरतीच असणार. उन्हातान्हात कोण खाली उतरतंय. थोडा गूळ जास्त घातला.

हात जाम खाजत होते, बरं का. मे महिना, डोंबिवली, वर पंखा गरम हवा फेकतोय. म्हटलं घामोळं. पावडर लावली आणि पुढचं पान घेतलं.

वड्या दिसायला कसल्या भारी झालेल्या. गोल, एकसारख्या, सगळ्या एका जाडीच्या. मी एकही चाखली नाही. तिच्याशिवाय ती वडी तोंडात घालायची इच्छाच नव्हती.

रविवारी पहाटे वड्या तळून डब्यात भरल्या आणि बस धरली. शीळफाट्याला रविवारीसुद्धा ट्रॅफिक. मांडीवर गरम डबा, पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं, आणि मी मनात वाक्य घोकतोय. 'पोरांनो, एक वाईट बातमी आहे.' नको, फार पेपरातल्यासारखं. 'पोरांनो, माई आता येणार नाही.' हेही नको, त्यांना वाटेल गुडघे दुखतायत. ठाणं आलं तरी वाक्य जमलं नव्हतं.

येऊरच्या पायथ्याशी झाडाखाली पोरं उभी होती. एवढ्या उकाड्यात अंगावर हिरवे झगे, घामाने निथळतायत. एका खुर्चीला पानाफुलांच्या माळा लावलेल्या. खुर्ची कोणासाठी ते कोणी सांगायची गरज नव्हती.

कोलशेतची श्रेया म्हणून मुलगी पुढे आली. त्या टोळीची म्होरकी तीच. "तुम्ही काका ना? माईंनी फोटो दाखवलेला तुमचा. माई कुठेयत?"

मी तोंड उघडलं. आणि तोंडातून काय यावं? "आधी वड्या घ्या. गरम आहेत."

भेकड माणूस मी, दुसरं काय. पोरं खूश. मी पानं पण वाटली. ओंकार म्हणून एक सहा फुटी पोरगा, त्याने तळहाताएवढं पान टाळक्यावर धरून बघितलं. "काका, यंदा पानं एवढीशी?"

"उन्हाळा फार आहे रे," मी म्हटलं.

सगळ्यांनी एक एक वडी तोंडात टाकली. मी खाली बघून वाक्य जुळवत होतो. मान वर केली तर काय, सगळे गप्प. एकदम चिडीचूप. श्रेयाचे डोळे भरलेले. ओंकारचा हात गळ्याशी. एक मुलगी तोंडावर ओढणी दाबून उभी. कोणाच्या तोंडून शब्द फुटेना.

म्हटलं, कळलं यांना. मी एकटा आलो, हातात तिचा डबा, आणखी काय सांगायला हवं? शहाणी पोरं, तोंडातून एक शब्द काढावा लागला नाही. खरं सांगतो, छातीवरचा दगड उतरला.

"मला माहीत होतं, तुम्हाला लगेच कळेल," मी म्हटलं.

ओंकारने मान हलवली. त्याच्या गालावरून पाणी ओघळत होतं.

"सांगायचा धीरच होत नव्हता मला. पण सहन करायचं, दुसरं काय करणार?"

"काका," तो कसाबसा म्हणाला, आवाज पार बसलेला, "किती वेळ राहतं हे?"

काय निरागस प्रश्न, माझेच डोळे भरून आले. "बाळा, मला सहा महिने झाले. अजून आहे."

"सहा महिने?" त्याचे डोळे पांढरे झाले.

"रात्री जास्त जाणवतं. झोप लागत नाही."

"डॉक्टरला दाखवलं नाही?"

"यात डॉक्टर काय करणार रे."

पोरांनी एकमेकांकडे बघितलं. मला वाटलं, केवढी माया. मी डबा पुन्हा पुढे केला. "घ्या, आणखी एक घ्या. तिच्या कुंडीतलं अळू आहे. तुम्ही खाल्लंत तर तिला बरं वाटेल."

श्रेयाने सगळ्यांकडे बघून मान डोलावली, आणि पोरांनी दुसरी उचलली. डोळे मिटून खाल्ली. मग तिसरी. त्यांचे खांदे हलत होते. मी एकेकाच्या पाठीवरून हात फिरवत फिरत होतो. "येऊ दे," म्हणत होतो, "मोकळं होऊ दे." आता आठवलं की वाटतं, त्याच वेळी वरून एखादी फांदी पडली असती डोक्यात तर बरं झालं असतं.

शेवटी एकाला राहवेना. तो झगा सावरत समोरच्या गाडीवर पळाला आणि कोकम सरबताची अख्खी बाटली घेऊन आला. सगळी त्यावर तुटून पडली. पाच-दहा मिनिटांनी जरा आवाज फुटले. श्रेयाने ओठ पुसले, ते एव्हाना टम्म फुगलेले, आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "काका, मागून येतायत का माई? खुर्ची उन्हात जायला लागली."

म्हणजे यांना काहीच ठाऊक नव्हतं. आणि मी अर्धा तास सांत्वन कशाचं करत होतो?

आता मात्र पळवाट नव्हती. घोकलेली सगळी वाक्यं गेली कुठच्या कुठे. मी म्हटलं, "नलू गेली. दिवाळीनंतर गेली. तुम्हाला कळवायला हवं होतं, मला जमलं नाही."

आणि मग खरं रडणं कसं दिसतं ते मला दिसलं. या वेळी कोणाचाही हात गळ्याकडे गेला नाही. श्रेया त्या खुर्चीशेजारी मातीतच बसली. ओंकार पाठ करून झाडाकडे तोंड करून उभा राहिला, त्याचा तो हिरवा झगा थरथरत होता. मी मध्ये उभा, हातात डबा, आणि एकाच्याही पाठीवर हात ठेवायची माझी हिंमत होईना.

श्रेया डोळे पुसत डब्याकडे बघून म्हणाली, "मग या वड्या?"

"मी केल्या."

"मोठ्या पानांच्या?"

"हो. पीठ थापायला जागा जास्त."

तिने हातातलं छोटं पान माझ्यासमोर धरलं. "काका, खायचं हे असतं. ते मोठं रानटी, घसा सोलून काढतं. ते फक्त डोक्यावर धरायला. माईंनी व्हिडिओ कॉलवर दोन्ही कुंड्या दाखवलेल्या आम्हाला."

घ्या. एकतीस वर्षं संसार केला. त्या बाल्कनीत उभं राहून रोज सकाळी चहा प्यायलो, त्या कुंड्यांना पाय लागले की कुरकुरलो. आणि माझ्या घरात कोणतं पान खायचं आणि कोणतं नाही, ते कोलशेतच्या पोरीला ठाऊक होतं, मला नाही. तिने त्यांना सांगितलेलं. मला पण सांगितलं असणार हो, मी ऐकलं नसणार.

मी म्हटलं, "अरे, पण पहिल्या घासालाच कळलं असेल ना तुम्हाला? मग थुंकला का नाहीत? दुसरी कशाला घेतलीत, वेड्यांनो?"

ओंकार वळला. नाक पुसून म्हणाला, "आम्हाला वाटलं माईंनीच केल्यात. मेसेजला उत्तर देत नव्हत्या, म्हटलं आजारी असतील, आजारपणात पानं उलटसुलट झाली असतील. डबा भरलेला परत गेला असता तर त्यांना कळलं असतं, आपलं चुकलं. म्हणून म्हटलं, काही झालं तरी रिकामा करून पाठवायचा."

"आणि तुम्ही सहा महिने म्हणालात," श्रेया म्हणाली, "आम्हाला वाटलं, तुम्ही पण त्यांचं मन राखायला सहा महिने हेच खाताय. म्हटलं काय माणूस आहे."

काय माणूस आहे, ते मला चांगलं माहीत होतं. तिचं मन राखायला मी एकतीस वर्षांत तिच्या पुस्तकातलं एक पानही धड ऐकून घेतलं नव्हतं. मी डब्यात बघत राहिलो. तळाला एक वडी उरलेली. छान गोल, कडेला तीळ.

ओंकारने पण ती बघितली. मग माझ्याकडे बघितलं. जरा घुटमळला आणि फुगलेल्या ओठांनी, अगदी आदराने म्हणाला, "काका, आता माईंना वाईट वाटायचा प्रश्न नाही. ही तुम्ही खा."

आता त्याला कोणत्या तोंडाने नाही म्हणणार? खाल्ली मी. सगळी खाल्ली. आणि मग गळा धरून मी त्या सजवलेल्या खुर्चीत बसून असा काही रडायला लागलो, की पोरांना कळेना, याला आधी सरबत द्यावं की खांदा.