पाहणीची बंगई

महादेवकाका गेल्याचं नेरहून आलेल्या बसच्या कंडक्टरनं यवतमाळच्या स्टँडवर सांगितलं, तेव्हा डोळ्यांत पाणी येण्याआधी मला बंगई आठवली. काकांना ते आवडलं असतं...

काकांच्या घराला आग लागली, तेव्हा शेजारचे उद्धवराव आत शिरले आणि साखळ्यांसकट सागवानी बंगई ओढत बाहेर आले. काकूंच्या माहेरची ती. काकू आधीच गेलेल्या. बंगईवर झोके घेत दुपार काढणं एवढाच काकांचा शौक. नवं घर उभं राहीपर्यंत फळी वाकू नये म्हणून उद्धवरावांनी ती आपल्या ओसरीत टांगली. इथवर माणुसकी होती. घर झाल्यावर काका बंगई मागायला गेले, तर उद्धवराव म्हणाले, "तुही बंगई जळली, महादेवा. मी काढली थे माही."

काका कोर्टात गेले. आगीतून निघालेल्या वस्तूची मालकी कोणाची, यावर दोन वकील काळ्या कोटात घामाघूम होऊन इंग्रजीत बोलले. एकाच बसनं आलेले वादी-प्रतिवादी तोवर बाहेर निंबाखाली एकाच डब्यातली भाकर खात होते. हुकूम झाला: निकालापर्यंत बंगई प्रतिवादीकडेच राहील, वादीला तिची पाहणी करता येईल.

पाहणी किती वेळ, हे लिहायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी जेवण आटोपून काका उशी घेऊन पाहणीला गेले. बसल्याशिवाय कड्यांचं कसं कळणार, आणि आडवं झाल्याशिवाय फळीचं... उद्धवराव दुसऱ्या टोकाला बसून पायानं झोका देत, कोर्टाचा मान म्हणून सुपारीही कातरून देत. खटला रेंगाळतोय म्हणून कुरकुर न करणारे पक्षकार मी एवढे दोनच पाहिले.

शेवटी निकाल लागला. काका जिंकले. बंगई घरी आली आणि पहिल्या दुपारी काका तिच्यावर एकटेच बसले. इतका पडलेला विजयी चेहरा मी दुसरा पाहिला नाही. तेवढ्यात दारात उद्धवराव, काखेत उशी.

"अपील करून राह्यलो. तोवर पाहणी माही."

काका सरकले. "मंग उभा काहून? पाह्य."

अपील दाखल झालंच नाही. मुदत केव्हाच टळली. त्याबद्दल विचारायची कोणाची छाती नव्हती. पाहणी मात्र काकांच्या शेवटच्या दुपारपर्यंत चुकली नाही.

परवा नेरला गेलो. जेवणानंतर उद्धवराव उशी घेऊन आले, आपल्या टोकाला बसले. काकांचं टोक रिकामं. मी म्हणालो, आता बंगई तुमच्याच घरी न्या. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कोणी वकीलच होतो.

"नेली तं पाहणीले कुठी येऊ, बापू?"

आणि पायानं हळूच झोका दिला...